रंग, पुठ्ठे आणि एक जुनी मांडणी: मुलांची खोली कमी खर्चात कशी लावावी

"आई, माझा पूल कुठे गेला?" लेकीने शाळेतून आल्या आल्या विचारलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून ती चार दिवस एक पूल करत होती. अर्धा झालेला तो पूल पलंगाशेजारी फरशीवर होता, आणि सकाळी केर काढताना मी तो कागदाच्या कपट्यांबरोबर उचलून टाकला होता. ती रडली, मग गप्प झाली, आणि पुढे महिनाभर तिने काड्यांना हात लावला नाही.

त्या महिन्यात मी खोलीचा नव्याने विचार केला. तोवर मी खोली आवरायची ती आल्यागेल्याला नीट दिसावी म्हणून. पण जे मूल हाताने सतत काहीतरी करत असतं, त्याच्या खोलीत अर्धवट कामाला हक्काची जागा लागते. ती जागा आधी ठरवायची. डबे, फळ्या, दोऱ्या हे सगळं तिच्या मागून येतं.

आमची ही खोली १० बाय ९ फुटांची आहे. पुण्यात भाड्याचं घर, भिंतीला खिळा मारायचा तर मालकांना विचारावं लागतं. हाताशी साडेतीन हजार रुपये होते. तुमच्याकडे स्वतंत्र खोली नसेल, हॉलचा एक कोपरा किंवा गॅलरीला लागून असलेली पाच फुटांची जागा असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं तसंच लागू पडतं. वन रूम किचनमध्ये वाढलेल्या माझ्या मावसभावाची सगळी चित्रकला एका खिडकीच्या कट्ट्यावर झाली.

पहिलं काम: आठवडाभर नुसतं बघा

दुकानात जायच्या आधी एक वही घ्या आणि सात दिवस मुलाकडे लक्ष ठेवा. ते कुठे बसतं, पोटावर पडून चित्र काढतं की टेबलाशी, कुठली वस्तू रोज शोधतं, कुठल्या वस्तूला आठवड्यात हातही लावत नाही, पाणी सांडतं ते कुठे, हे सगळं टिपून ठेवा.

माझ्या वहीत दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे लेक टेबलाशी फक्त शाळेचा अभ्यास करते, बाकी सगळं फरशीवर, खिडकीच्या उजेडात. दुसरी म्हणजे तिचा निम्मा वेळ शोधण्यात जातो. कात्री गादीखाली, डिंक दप्तरात, स्केचपेनची टोपणं कुठेच नाहीत. मी मनात एक मोठं स्टडी टेबल घ्यायचं ठरवलं होतं. वही बघून तो बेत रद्द केला आणि आमचे सगळे पैसे वाचले. पाहणीचा आठवडा टाळू नका, तो फुकट आहे आणि पुढच्या चुका वाचवतो.

मग एक रविवार काढा

सकाळी खोलीतलं सगळं सामान हॉलमध्ये आणून सतरंजीवर मांडा. मुलाला बरोबर घ्या. त्याच्या अपरोक्ष काहीही टाकायचं नाही, हा नियम आमच्या घरी पुलाच्या प्रसंगानंतर कायमचा झाला.

चार ढीग करा: रोज लागणारं, कधीमधी लागणारं, दुसऱ्याला देण्यासारखं आणि खरंच केरात जाणारं. सुकलेले स्केचपेन, तुटक्या पट्ट्या, कडक झालेली माती, वास येणारे पोस्टर कलर हे चौथ्यात. पोस्टर कलरच्या बाटलीत बुरशी धरली की तो रंग पाणी घालून वाचत नाही, टाकूनच द्यावा. खडूचे तुकडे मात्र टाकू नका. तेलकट खडूचे बोटभर तुकडे रंग भरायला उत्तम, आणि आडवे धरून घासले की मोठं आकाश पटकन रंगतं.

मुलं पाचवा ढीग करतात: "लागेल कधीतरी." बाटल्यांची बुचं, शिंपले, लग्नपत्रिका, गिफ्टचे कागद, दोऱ्याची रिकामी रिळं. मोठ्यांना हा ढीग केर वाटतो, आणि याच ढिगातून मुलांच्या कल्पना निघतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा परदेशी पद्धतीची महाग साधनं परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी बिया, पानं, शिंपले, खडे, माती हेच शिकण्याचं साहित्य केलं. तेव्हा या ढिगाला मान द्या, फक्त त्याला एक माप ठरवून द्या. आमच्याकडे एक कॅरेट ठरलं आहे. भाजीवाले टोमॅटो आणतात ती प्लास्टिकची जाळीदार पेटी. ते काठोकाठ भरलं की नवीन काही आत टाकायच्या आधी लेकीने आतलं काहीतरी काढायचं. काय काढायचं हे ती ठरवते, मी नाही.

वर्तमानपत्रावर खोली मांडून बघा

खोली रिकामी असतानाच माप घ्या. लांबी-रुंदी तर घ्याच, पण खिडकीची उंची, दार उघडतं ती जागा, प्लगची बटणं, आणि पलंगाखालची मोकळी उंची हेही लिहा. पलंग आणि कपाट यांच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद जोडून फरशीवर अंथरा आणि सरकवून बघा. जड पलंग तीनदा ओढण्यापेक्षा कागद दहादा सरकवणं सोपं.

काम करण्याची जागा खिडकीजवळ यावी, पलंग आतल्या भिंतीला गेला तरी चालतं. मूल उजव्या हाताने लिहीत असेल तर उजेड डावीकडून यावा, डावखुरं असेल तर उजवीकडून, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. आणि खिडकीखाली चढता येईल असं काहीही ठेवू नका, ग्रिल असलं तरी.

आमच्या खोलीत पलंग दाराकडच्या भिंतीला गेला, आणि खिडकीसमोर ५ बाय ४ फुटांची मोकळी फरशी मिळाली. ती लेकीची कामाची जागा. तिथे जुनी प्लास्टिकची चटई कायम पसरलेली असते, कारण तिच्यावर रंग सांडला तर ओल्या फडक्याने निघतो. सतरंजीवर सांडलेला रंग निघत नाही.

बसायचं कशावर

खाली बसून काम करणाऱ्या मुलाला बैठं मेज लागतं. मांडी घालून बसल्यावर कोपर मेजाच्या पातळीला यावं आणि खांदे वर उचलले जाऊ नयेत, एवढंच बघायचं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साधारण १० ते १२ इंच उंची पुरते. घरात चौरंग असेल तर आधी मुलाला त्याच्याशी बसवून बघा. आमचा चौरंग पूजेचा, म्हणून मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो, सकाळी लवकर गेलं तर बरं सामान हाती लागतं. तिथे एक जुनं मुनीमजीचं डेस्क मिळालं, उतरतं झाकण असलेलं, आत कप्पा. एक पाय डुगडुगत होता. ७०० रुपयांना दिलं.

जुनं लाकडी सामान घेताना एक काळजी घ्या. त्यावर रंगाचे थर असतील आणि पापुद्रे सुटत असतील तर ते सुकं घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि घासताना उडणारी ती धूळ मुलांच्या अंगाला फार वाईट. रंग लावलेलं सामान शक्यतो घेऊच नये, साधं पॉलिश केलेलं किंवा कोरं लाकूड बघावं. घरात आधीपासून रंगवलेलं असेल तर ओल्या पॉलिश पेपरने, बाहेर, मूल जवळ नसताना घासावं आणि ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्यावं. आमचं डेस्क नुसतं पॉलिशचं होतं. पायाला पाचर मारली, कडा १२० नंबरच्या कागदाने गुळगुळीत केल्या, पॉलिशचा एक हात दिला. दीडशे रुपयांत झालं.

संध्याकाळसाठी वाकणाऱ्या मानेचा एक एलईडी दिवा घ्या. या एका वस्तूत काटकसर करू नका.

मांडणी

आता खोलीतल्या सगळ्यात उपयोगी वस्तूकडे येते. सासूबाईंच्या गावच्या घरी स्वयंपाकघर नवीन केलं तेव्हा जुनी स्टीलची मांडणी माळ्यावर गेली होती. आपल्याकडे घरोघरी असायची तीच: वर डब्यांच्या दोन फळ्या, मधे ताटं उभी ठेवायच्या खाचा, त्याखाली वाट्या-पेल्यांचे गोल, एका बाजूला चमच्यांची उभी जाळी, खाली कप अडकवायचे आकडे. भंगारवाल्याला जायची होती. मी म्हटलं, "आई, मला द्या."

ती मांडणी लेकीच्या खोलीत आली आणि तिच्याकडे बघताना लक्षात आलं की हिची रचनाच "दिसेल, हाताला येईल, परत जागेवर जाईल" अशी आहे. चमच्यांच्या जाळीत ब्रश उभे राहिले, केस वर, दांडी खाली. जाळीला खाली भोकं असल्यामुळे धुतलेल्या ब्रशाचं पाणी निथळून जातं. ताटांच्या खाचांत चित्रकलेच्या वह्या, पॅड आणि रंगीत कार्डशीटचे तुकडे उभे बसले. एका खाचेत एकच, त्यामुळे खालची वही ओढताना वरचा ढीग कोसळायचा तो प्रकार संपला. पेल्यांच्या गोलांत प्लास्टिकचे ग्लास घातले: एकात पेन्सिली, एकात तेलकट खडू, एकात पट्ट्या. कपांच्या आकड्यांना कात्री, सेलोटेप, सुतळीचं रीळ आणि एक जुना मोजे-जोड टांगला. त्या मोज्यांत ती कंचे ठेवते. तिचीच कल्पना.

वरच्या दोन फळ्यांवर सहा पारदर्शक बरण्या आहेत. घरातल्याच, लोणच्याच्या आणि बिस्किटांच्या. मणी, बटणं, टिकल्या, लोकर. स्टीलच्या डब्यांत ठेवलेलं मूल विसरतं, बरणीतलं दिसत राहतं. काचेच्या बरण्या मात्र लहानांच्या खोलीत नकोत. मणी-टिकल्यांसाठी सात वाट्यांचा जुना मिसळणाचा डबाही फार छान. डबा फरशीवर नेऊन उघडायचा, काम झालं की झाकण लावायचं. हळदीचा वास जायला लिंबाची फोड घासून दोन दिवस उन्हात ठेवावा लागतो.

मांडणी भिंतीवर टांगणार नव्हतो, म्हणून दोन विटांवर ती उभी केली. विटांना जुन्या साडीचं फडकं गुंडाळलं, फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. अशाने सगळ्यात वरची फळी लेकीच्या कपाळाच्या उंचीला आली. मग मांडणीचे वरचे दोन्ही कोपरे तारेने खिडकीच्या ग्रिलला घट्ट बांधले. हे बांधणं अत्यंत गरजेचं. लोखंडी रॅक असो, पुस्तकांची फळी असो, मुलं तिच्यावर पाय देऊन चढतात आणि ती अंगावर येते. जड वस्तू खालच्या फळीवर ठेवा. आणि मांडणी ग्रिलला बांधायची तर खिडकीच्या थेट खाली उभी करू नका, शेजारच्या भिंतीला लावा आणि तार तिथपर्यंत न्या.

तुमच्याकडे अशी मांडणी नसेल तर जुन्या भांड्यांच्या दुकानात, भंगारात विचारा. किलोवर मिळते. नाही मिळाली तर चार कॅरेट आडवी ठेवून एकावर एक रचा आणि जाळीतून केबल टाय घालून एकमेकांना बांधा, छान फडताळ होतं. हापूसच्या लाकडी पेट्यांचंही होतं, पण त्यांचे बारीक खिळे आणि कुसळं फार. प्रत्येक खिळा बघून ठोकावा लागतो आणि तास-दोन तास घासावं लागतं. पुठ्ठ्याची खोकी वर्षभर टिकतात, पावसाळ्यात मऊ पडतात. ती फक्त तात्पुरती वापरा. खोकं वापरलंच तर त्याच्या आतल्या पन्हळ्या उभ्या येतील असं ठेवा, आडव्या पन्हळ्यांचं खोकं वजनाने बसतं.

मूल अजून वाचत नसेल तर प्रत्येक बरणीवर आतल्या वस्तूचं चित्र लावा, आणि ते त्यालाच काढू द्या. स्वतः काढलेल्या बटणाच्या चित्राखाली बटणं परत ठेवायला मूल विसरत नाही. स्केचपेन आडवे ठेवा, उभे ठेवले तर शाई एका बाजूला उतरते.

अर्धवट कामाची गाडी

आता पुलाची गोष्ट. आमच्या पलंगाखाली १२ इंच मोकळे आहेत. सोसायटीत कुणीतरी मोडीत काढलेल्या कपाटाचा एक रुंद, उथळ ड्रॉवर जिन्याखाली पडला होता. विचारून आणला. टिंबर मार्केटमधून आणलेली चार छोटी चाकं त्याच्या खाली स्क्रूने बसवली. ही झाली गाडी. तिच्यात बसतील अशा मापाच्या प्लायच्या दोन फळ्या कापून घेतल्या, दीड बाय दोन फुटांच्या.

नियम असा. कुठलंही मोठं काम सुरू करायचं ते फळीवर. मातीची गणपतीची मूर्ती असो की पुठ्ठ्याचं घर. रात्र झाली, काम अर्धं आहे, तर ते फळीसकट गाडीत ठेवायचं आणि गाडी पलंगाखाली ढकलायची. गाडीतल्या वस्तूला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही, केर काढणाऱ्या मावशींनाही हे सांगून ठेवलं आहे. चाकं आणि तळ धरून तीन इंच जातात, म्हणून साधारण नऊ इंच उंचीपर्यंतचं काम आत मावतं. लेक आता काम सुरू करायच्या आधी पट्टी घेऊन बघते की उंची गाडीत मावेल का. असा विचार करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोनच फळ्या का? कारण दोन कामं अर्धवट चालतात. तिसरं सुरू करायचं तर एक पुरं करायचं किंवा मोडून सामान बरण्यांत परत टाकायचं. मोडतानाही तीच मोडते.

पलंगाखाली जागा नसेल तर कपाटाच्या डोक्यावर ठेवा, दाराच्या मागे दोरीने फळी टांगा, पण जागा द्या. एका खोलीच्या घरातही रात्री ताटं ठेवून झाल्यावर ओट्याखालचा एक कप्पा या फळीला मिळू शकतो.

काळा फळा

भिंतीवर रेघोट्या ओढणारं मूल असेल तर त्याला ओढायला जागा द्यावी लागते. टिंबर मार्केटमध्ये प्लायचे उरलेले तुकडे वेगळे ठेवलेले असतात, कटपीस म्हणून मागा. ४ बाय ३ फुटांचा ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा आणि गाडीच्या दोन फळ्या मिळून मला ३५० रुपयांना पडलं, कापूनसुद्धा तिथेच दिलं. ब्लॅकबोर्ड पेंटचा छोटा डबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तुकडा घासून पुसून घ्या, पहिला हात उभा मारा, पूर्ण दिवस वाळू द्या, दुसरा हात आडवा मारा. हे काम गॅलरीत करा, थिनरचा वास दोन दिवस राहतो.

फळा वाळला की लगेच लिहायचा मोह होतो. त्याआधी पांढरा खडू आडवा धरून सगळा फळा घासून पांढरा करायचा आणि सुक्या फडक्याने पुसायचा. हे न करता लिहिलं तर पहिल्या चित्राच्या रेघा फळ्यावर कायमच्या दिसत राहतात. फळा कपाटाच्या बाजूला टेकवून, वर दोरीने बांधून ठेवला आहे. भिंतीला एकही भोक नाही.

आधीच्या रेघोट्या भिंतीवर असतील तर खायच्या सोड्यात पाणी घालून ओलसर फडक्याने हलक्या हाताने घासा. मेणाचे खडू बरेच निघतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर मात्र जोर लावला की रंगच निघून येतो, म्हणून आधी कोपऱ्यात करून बघा.

झालेली चित्रं

महिन्याला तीस-चाळीस कागद होतात. सगळे ठेवले तर घर भरतं, टाकले तर मूल दुखावतं. आमच्याकडे खिडकीच्या ग्रिलपासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधली आहे आणि तिला कपड्यांचे लाकडी चिमटे. एका वेळी आठ चित्रं. नववं आलं की जुनं एक उतरतं आणि बाडात जातं. बाड म्हणजे अर्ध्या कार्डशीटच्या मापाचे, १४ बाय २२ इंचांचे दोन जाड पुठ्ठे, एका बाजूने कापडी पट्टीने जोडलेले आणि नाडीने बांधलेले. कपाटामागे सपाट उभं राहतं.

दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात आम्ही दोघी बसून बाड उघडतो. ती दहा निवडते, मी पाच निवडते. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि ती काय म्हणाली ते एक वाक्य लिहितो. बाकीच्यांचे फोटो काढून, मागची कोरी बाजू वापरायला मांडणीत परत जाते. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसायचं म्हटलं तर स्मरणचित्रं आणि स्थिरचित्रं मागे वळून बघायला हेच बाड उपयोगी पडेल. स्थिरचित्रासाठी कोपऱ्यात एक स्टूल मोकळं ठेवलं आहे. त्यावर कधी तांब्या आणि लिंबू, कधी नुसती चप्पल.

कपडे, दप्तर, पुस्तकं

यावर फार लिहीत नाही. कपडे मुलाला स्वतःला घेता येतील अशा खालच्या कप्प्यात, वर हिवाळ्याचे. दप्तराला दाराजवळ एक जागा. पुस्तकं एका कॅरेटमध्ये, पाठ वर येईल अशी. मऊ खेळणी जुन्या ओढणीच्या शिंकाळ्यात. ओढणी किंवा दोरीचा लोंबता फास मुलाच्या गळ्याच्या उंचीला येणार नाही हे मात्र बघा.

पावसाळा

कोकणात, मुंबईत, आणि पुण्यातही जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीला ओल येते. मांडणी, कपाट आणि बाड त्या भिंतीपासून तीन-चार इंच लांब ठेवा, मागून वारा खेळू द्या. कागदाला कसर लागते, ती अंधारात आणि ओलीत वाढते. पंधरा दिवसांतून एकदा ऊन पडेल त्या दिवशी बाड उघडून हवेला ठेवा. मुलांच्या खोलीत डांबराच्या गोळ्या ठेवू नका. पेपरमिंट समजून मुलं तोंडात घालतात आणि ते जिवावर बेतू शकतं. वाळवलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलेल्या वस्तूंना झुरळं येतात, म्हणून पावसाळ्यात फेविकॉल वापरा आणि त्याचं टोपण घट्ट लावा.

कटर, सुया आणि घड्याळातल्या बारीक गोल बॅटऱ्या या मांडणीत नाहीत. त्या माझ्या कपाटात, मागून घ्यायच्या. बारीक बॅटरी गिळली तर काही तासांत आतून भाजतं. तशी नुसती शंका आली तरी वाट न बघता मुलाला दवाखान्यात न्यावं.

हिशेब

चार वापरलेली कॅरेट ४८० रुपये. प्लाय ३५० आणि ब्लॅकबोर्ड पेंट २२०. डेस्क ७००, त्याची डागडुजी १५०. दिवा ६५०. चाकं २४०. सुतळी, चिमटे, तार, केबल टाय १२०. रिक्षा २००. एकूण ३,११० रुपये. उरलेल्या ३९० मधले दोनशे नवीन ब्रश आणि पोस्टर कलरच्या बाटल्यांना गेले. मांडणी, ड्रॉवर, बरण्या, पुठ्ठे फुकट. पैसे एकदम नसतील तर या क्रमाने करा: अर्धवट कामाची फळी, मग दिवा, मग मांडणी. फळा आणि डेस्क सगळ्यात शेवटी आले तरी चालतील.

रोजची दहा मिनिटं

रात्री जेवणाआधी दहा मिनिटं आम्ही दोघी खोलीत असतो. ब्रश धुवून जाळीत, कपटे पिशवीत, टोपणं बसली का ते बघायचं, गाडी आत. चटई पुसायची. पहिले पंधरा दिवस मी बरोबर केलं, नंतर नुसती दारात उभी राहिले. आता कधी कधी तीच बोलावते. काल म्हणाली, "आई, गाडी ढकलताना हळू. आतला डिंक अजून ओला आहे."

गाडीत नवा पूल आहे. यावेळी काड्या दुहेरी लावल्यात, आणि खाली दोन खांब.